दुसरी तारीख

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी दारूतून बाहेर आलं की लोकांना साक्ष हवी असते, आणि साक्षीत तारीख हवी असते. अमुक दिवशी, अमुक सभेत प्रभूनं स्पर्श केला आणि बाटली सुटली ती सुटलीच. माझ्याकडे अशी तारीख आहे. व्यासपीठावर उभी राहून माईकमधून मी ती सांगितली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी डोळे पुसले. त्यानंतर 42 दिवसांनी मी पुन्हा प्यायले.

दुसरी तारीख मला कुणी विचारत नाही. तो एक मंगळवार होता, दुपारची वेळ, आणि मी दारात उभी राहून एक वाक्य बोलले होते. ते वाक्य पुढे येईलच.

सुरुवात झोपेपासून झाली. वडील गेल्यावर रात्री दोन-अडीचला डोळे टक्क उघडायचे आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघणं. कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेली बाटली होती. दोन घोट घेतले, झोप लागली. दारूनं झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री तीच दारू झोप मोडते, हे मला डॉक्टरांनी सहा वर्षांनी समजावलं. तोवर मी पहाटे मोडलेली झोप सांधायला पुन्हा दोन घोट घेत होते. चौथ्या वर्षी सकाळी हात थरथरायला लागले. मला शिवणाची आवड. लेकीचे सगळे फ्रॉक मी घरी शिवले आहेत. एक दिवस सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांना दिसत होतं, पण दोऱ्याचं टोक नेढ्याच्या इकडे-तिकडे नाचत होतं. उठले, घोटभर घेतलं, परत येऊन बसले आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला. त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. कळलं, म्हणून शिवणयंत्रावर झाकण घातलं. बाटलीवर नाही.

हे सगळं चालू असताना मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होते आणि गायकवर्गात गात होते. तोंडात वेलची, गळ्याला रुमाल, आणि आवाज बसला तर घसा धरलाय. श्रद्धा नव्हती असं नाही. श्रद्धा होती, आणि मी तिला कामाला लावली होती. काना गावच्या लग्नात येशूनं सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला, हे मी मनात किती वेळा घोळवलं असेल! बायबलात पौल तीमथ्याला लिहितो की पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. पहिलं पत्र, पाचवा अध्याय, वचन 23. तोंडपाठ. नीतिसूत्रांचा 23वा अध्याय मात्र मी वाचता वाचता 28व्या वचनाशी थांबायचे, कारण 29 पासून 35 पर्यंत माझंच वर्णन आहे. लाल डोळे कुणाचे, विनाकारण जखमा कुणाला, डोलकाठीच्या टोकावर निजल्यासारखं कुणाला होतं. आणि शेवटी तो माणूस म्हणतो, मला मारलं पण लागलं नाही. मी जागा कधी होईन, म्हणजे पुन्हा तिच्याकडे जाईन. हे लिहिणाऱ्यानं पिणारा माणूस जवळून पाहिला असणार.

आता पहिली तारीख.

बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. तीन दिवसांच्या सभा, शेवटच्या रात्री आजाऱ्यांसाठी प्रार्थना. मी पुढे गेले. कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, पण रडू आवरेना. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आज रात्रीपासून बाटली नाही, गोळी नाही, डॉक्टर नाही. विश्वास ठेवला असेल तर मागं वळून बघू नकोस. घरी येऊन नवऱ्यासमोर सगळं मोरीत ओतलं. सगळं म्हणजे त्याला ठाऊक होतं तेवढं.

दुसऱ्या दिवशी घाम, ओकाऱ्या, छातीत धडधड. मी म्हटलं, हा जुना पापी देह मरतोय. त्या रात्री मी बेसिनपाशी उभी असताना कोसळले. मला आठवत नाही. लेकीला आठवतं, कारण तिनं पाहिलं: आईचे दात आवळलेले, पाठीची कमान झालेली, तोंडाला फेस. ती तेव्हा 11 वर्षांची होती.

इथं थोडं थांबून सांगते, कारण साक्षींमध्ये हे कुणी सांगत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली तर जिवावर बेतू शकतं. मेंदूला गुंगीची सवय झालेली असते. ती अचानक काढली की तो खवळतो. आकडी येते ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत. पुढं तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, भ्रम, ताप, सगळं शरीर पेटल्यासारखं. त्यात माणसं दगावतात. यावर उपचार आहेत आणि ते अगदी साधे आहेत: काही दिवस कमी-कमी करत दिलेल्या गोळ्या आणि ब-1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, इंजेक्शनं. ते जीवनसत्त्व ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. माझ्या बाबतीत हे एका रात्रपाळीच्या नर्सच्या लक्षात आलं. तिनं सलाइन लावायला निघालेल्या शिकाऊ डॉक्टरचा हात थांबवला आणि म्हणाली, आधी थायमिन. प्रभूनं स्पर्श केला असेल तर त्या रात्री तो तिच्या हातानं केला, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

कारण तेव्हा मी घरी आले आणि मंडळीत साक्ष देण्याची वेळ आली. आकडीचं काय करायचं? एक काकू म्हणाल्या, तो सैतानाचा शेवटचा तडाखा होता, ते नको सांगूस, लोकांचा विश्वास डळमळेल. मग मी सभा सांगितली, अश्रू सांगितले, मोरीत ओतलेली बाटली सांगितली. आकडी, नर्स, इंजेक्शनं गाळली. साक्ष फार सुरेख झाली. मला डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावलं होतं, गेले नाही. बरी झालेली बाई डॉक्टरकडे कशाला जाईल?

42व्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात एक पेला समोर आला. भांडण नव्हतं, दुःख नव्हतं. थकले होते, भूक लागली होती, आणि त्या गर्दीत माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. एवढंच. घेतला.

पुढचे पाच महिने आयुष्यातले सगळ्यात वाईट. आधी मी नुसती पिणारी होते. आता साक्ष दिलेली पिणारी होते. पूर्वी लपवायचे तेव्हा पकडले जाण्याची थोडी आशा तरी असायची. आता पकडले गेले तर माझ्याबरोबर देवही खोटा पडणार, असं वाटायचं. त्यामुळं लपवणं हीच जणू सेवा झाली. बाटल्या कुठं कुठं ठेवल्या याचा मलाच हिशेब राहिला नाही. गायकवर्गाच्या वर्गणीची पेटी माझ्याकडे असायची. तिच्यातूनही पैसे काढले. दर वेळी परत ठेवण्याच्या बोलीवर, आणि एकदाही ठेवले नाहीत.

मग तो मंगळवार. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर, आले. पलीकडच्या मंडळीत बायकांची सभा होती, तिथं माझी साक्ष ठेवायची होती. दारातच उभे राहून विचारत होते, मला आत या म्हणायचं सुचलं नाही. ते म्हणाले, "बाई, दहाच मिनिटं बोलायचंय, मागच्या वेळी सांगितलंत तेच." तेच म्हटल्यावर माझ्या आत काहीतरी मोडलं. मी म्हटलं, "पाळकसाहेब, मी आज सकाळी प्यायलेय. आत्ताही प्यायलेलीच आहे."

ते काही बोलले नाहीत. चपला काढल्या, आत येऊन खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता प्रार्थना करतील. ते म्हणाले, "शेवटचं किती वाजता घेतलंत?" मी सांगितलं. "मग आपल्याला वेळ आहे. कुठल्या डॉक्टरकडे जायचं?" नंतर कळलं की त्यांचा थोरला भाऊ दारू तोडताना गेला होता, घरातच, सगळे प्रार्थना करत असताना. त्यांनी हे व्यासपीठावरून कधी सांगितलं नव्हतं. त्यांचीही एक गाळलेली साक्ष होती तर.

दुसऱ्या खेपेला त्रास जास्त होतो म्हणतात, झाला. तिसऱ्या रात्री पांढऱ्या चादरीवर मुंग्यांची रांग चाललेली दिसली. मी त्या एकेक करून वेचत होते आणि शेजारच्या स्टुलावर ठेवत होते. नवरा बसला होता. त्यानं मुंग्या नाहीत असं एकदाही म्हटलं नाही. स्टूल तेवढं जवळ सरकवलं. आमच्या लग्नाला तेव्हा 15 वर्षं झाली होती, आणि मला आठवतं त्याप्रमाणे त्यानं माझ्यासाठी केलेली ती सगळ्यात प्रेमळ गोष्ट.

वॉर्डमध्ये पाळकसाहेब रोज यायचे. एक दिवस त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय वाचला. बेथसैदाचा आंधळा. येशू त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा त्याला स्वच्छ दिसतं. मी लहानपणापासून हे ऐकलेलं, मुलांना शिकवलेलं. पण दोनदा हात ठेवला, हे कधी टोचलं नव्हतं. हा चमत्कार चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कात आहे. आणि मधल्या घडीला तो आंधळा खोटं बोलला नाही, हे मला त्या खाटेवर पहिल्यांदा दिसलं. त्याच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, हो प्रभू, सगळं लख्ख दिसतंय, आणि झाडांना नमस्कार करत आयुष्य काढलं असतं.

बाहेर पडल्यावर डॉक्टरांनी डायसल्फिरॅम सुरू केली. ही गोळी घेतल्यावर दारू पोटात गेली की शरीराला ती नीट पचवता येत नाही. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, जास्त झाली तर जिवाला धोका. म्हणून ती रुग्णाच्या नकळत कधीच द्यायची नसते. मी रोज नाश्त्यानंतर नवऱ्यासमोर घ्यायचे. काही प्रकारच्या खोकल्याच्या औषधात, तोंड धुण्याच्या पाण्यातही अल्कोहोल असतं, तेही टाळायचं. यादी वाचताना माझ्या लक्षात आलं, प्रभुभोजनाचं, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचं काय? आमच्याकडे पेल्यात खरा द्राक्षारस असायचा. गोळी नसती तरी त्या वासानं माझं काय झालं असतं कोण जाणे.

पाळकसाहेबांना सांगितलं. कॅथलिक मैत्रिणीनं धीर दिला होता की त्यांच्यात नुसत्या भाकरीतही पूर्ण ख्रिस्त मिळतो असं मानतात, तू पेला सोड. पण पाळकसाहेब म्हणाले, बघतो. पुढच्या महिन्यात तबक समोर आलं. छोटे काचेचे पेले, अंगठ्याएवढे. मी मान हलवून पुढं द्यायला लागले तर त्यांनी हळूच म्हटलं, घ्या. वास घेतला. नुसता द्राक्षांचा रस होता. सगळ्याच पेल्यांत. मला वेगळा पेला ठेवला असता तर सगळ्यांच्या नजरा त्या पेल्यावर गेल्या असत्या. कार्यकारिणीत यावरून बरीच वादावादी झाली, असं नंतर कळलं. एका वडील सभासदांचं म्हणणं होतं की एका बाईसाठी परंपरा मोडायची का. तेव्हा पाळकसाहेबांनी सांगितलं म्हणे, की प्रभुभोजनासाठी न आंबलेला रस टिकवण्याची युक्ती वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं 1869 मध्येच काढली होती, आपण फार उशीर केलाय.

मंडळीबाहेर मला दुसरी जागा सापडली, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या चळवळीची सभा. आमच्यातल्या काहींना ती खटकली. तिथं आपल्याला समजलेला देव म्हणतात, येशू म्हणत नाहीत. मी म्हटलं, मला समजलेला देव कोण हे मला माहीत आहे, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला अजून समजायचा असेल तर तोवर त्यानं पीत राहावं का? ही चळवळ निघालीच मुळात ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती गटाच्या मुशीतून. तिचे दोन संस्थापक, बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ, 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अॅक्रन इथं भेटले. डॉक्टर बॉबनी दारू सोडली, मग एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथं पुन्हा भरपूर प्यायले. परत आल्यावर 10 जूनला त्यांनी शेवटचा पेला घेतला, आणि तोच दिवस चळवळीचा स्थापनादिन म्हणून मोजला जातो. हे ऐकलं तेव्हा मी सभेत मोठ्यानं हसले. त्यांचीही दुसरीच तारीख!

तिथं मला मावशी भेटल्या. वय 70च्या पुढं, 22 वर्षं दारूला न शिवलेल्या, जिभेनं तिखट. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, तलफ आली की आधी भूक, राग, एकटेपणा, थकवा हे चार खिसे तपासायचे. बहुतेक वेळा तलफ त्यातल्याच एकात सापडते. दुसरं, आपल्या चुकांची यादी लिहायची आणि दुसऱ्या जिवंत माणसाला वाचून दाखवायची. मी म्हटलं, देवाला सांगितलंय की. त्या म्हणाल्या, देवाला आधीच माहीत होतं, त्याला सांगायला काय लागतं? याकोबाच्या पत्रातही एकमेकांजवळ पाप कबूल करा असंच आहे. आणि ते वचन मी पाठ करून मुलांकडून म्हणून घेतलेलं! 19 पानं झाली. वाचायला अडीच तास लागले. वर्गणीची पेटी 14व्या पानावर होती.

ते पैसे मी गायकवर्गासमोर परत केले. काहींनी जवळ घेतलं. दोघी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. एक तर माझ्याच शेजारी उभी राहून गाते, आणि बोलत नाही. तो तिचा हक्क आहे.

तलफ मात्र प्रार्थनेनं नाहीशी झाली नाही. लाटेसारखी यायची, चढायची, पंधरा-वीस मिनिटांनी उतरायची. तेवढा वेळ काढायला मी 119वं स्तोत्र मोठ्यानं वाचायला लागले. शास्त्रातलं सगळ्यात लांब, 176 वचनं. भक्तिभाव कमी आणि लांबी जास्त उपयोगी पडली, हे कबूल करते. पहिल्या महिन्यात एकदा संपूर्ण वाचून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. वर्षभरानं 80च्या आत लाट उतरायची. आता ते स्तोत्र शेवटपर्यंत कधी पोचत नाही, त्यामुळं त्याचा शेवट विसरत चाललेय.

सकाळची प्रार्थना अजून एकाच ओळीची आहे: प्रभू, आज नको. रात्रीची त्याहून लहान.

गेल्या पावसाळ्यात, चार वर्षं पूर्ण व्हायला थोडे दिवस असताना, शिवायला बसावं असं वाटलं. हात कधीच स्थिर झाले होते, पण यंत्राचं झाकण काढायचं धाडस होत नव्हतं. काढलं. तेल द्यायला खालचा खण ओढला, तर जुन्या कापडाच्या तुकड्यांत गुंडाळलेली बाटली. अर्ध्याहून जास्त भरलेली. मीच ठेवलेली, साफ विसरलेली. घरात कुणी नव्हतं.

मावशींना फोन लावला. त्यांनी विचारलं, "हातात आहे का?"

"खणात आहे."

"मग खण लोट, घराबाहेर ये आणि दार ओढून घे. ओतायलासुद्धा हात लावू नकोस. कुणीतरी येईपर्यंत आत जायचं नाही."

मी पायरीवर जाऊन बसले. 119 सुरू केलं. त्या दिवशी बरंच पुढं गेलं, 140 च्या आसपास लेक कॉलेजातून आली. छत्री मिटत म्हणाली, "आई, बाहेर का बसलीयेस?"

मी सांगितलं. तिनं सॅक माझ्याजवळ ठेवली आणि आत गेली. खण ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नळाच्या पाण्याचा. ती बाहेर आली तेव्हा हात ओले होते, साबणाचा वास येत होता.

"घेतलीस का?"

"नाही."

ती खाली वाकली आणि माझ्या तोंडाजवळ नाक आणून वास घेतला, 11 वर्षांची असल्यापासून घेते तसा. मग शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "कितवं वचन चाललं होतं?"